परदेशातला समुद्र निवडताना

राणीसावरगावहून तुमची ताई बोलतेय. मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी तोंडाला पदर लावून हसतील. हसा, पण रेडिओ बंद करू नका. आजचा विषय असा आहे की, परदेशात सुट्टीला जाऊन समुद्राच्या पोटात उतरायचं असेल, तर ठिकाण कसं निवडायचं.

तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही अधिक महिन्यात गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर आंघोळीला गेलो तरी गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. मग समुद्राचं आम्हाला काय? खरं आहे. पण आपली लेकरं आता पुण्याला, मुंबईला, हैदराबादला नोकरीला आहेत. कुणाचा मुलगा दुबईला आहे. ती लेकरं सुट्टीत बाहेर देशी जातात, पाठीवर नळकांडं बांधून पाण्यात उतरतात आणि फोटो आपल्या फोनवर येतात. आणि आता ती म्हणायला लागलीत, "आई, या वेळी तूपण चल."

आमच्या एका गटात हेच झालं. त्या मावशींनी मला सांगितलंय, "गोष्ट सांग, पण नाव घेऊ नको." म्हणून मी त्यांना नुसतं मावशीच म्हणते. मावशींचं वय पन्नासच्या आसपास. दोन म्हशी आहेत, दूध घालतात. लेक पुण्यात दवाखान्यात नर्स आहे. लेकीनं चार वर्षं पैसे साठवले आणि आईला म्हणाली, "तू आयुष्यात कुठं गेली नाहीस. आपण दोघी थायलंडला जाऊ आणि समुद्रात बुडी मारू."

मावशी हरखून गेल्या. गटाच्या बैठकीत आल्या त्या फोन हातात घेऊनच. फोनवर निळंशार पाणी, रंगीत मासे. सहलीवाल्यांनी जुलै महिन्याचं स्वस्तातलं पॅकेज दिलं होतं. लेकीच्या साठवणीत थोडे पैसे कमी पडत होते. मावशींना गटाकडून तीस हजारांचं अंतर्गत कर्ज हवं होतं. त्यातले वीस हजार त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत भरायचे होते, नाहीतर जागा जाणार होती. आणि भरलेले पैसे परत मिळणार नव्हते.

बैठकीत एकच गलका झाला. एक आजी म्हणाल्या, "फिरायला कर्ज? गटाचे पैसे बी-बियाण्याला, दुखण्या-खुपण्याला असतात." दुसरी म्हणाली, "का? बारशाला देतो, जावळाला देतो, लग्नात मानपानाला देतो. तवा कुणी इचारत नाही. ही बाई जन्मात पहिल्यांदा सोतासाठी मागायली तर इचारता व्हय?" तिसरी म्हणाली, "बायामाणसांनी कुठं समुद्रात उतरायचं असतं का माय?"

या तिसऱ्या बाईचं उत्तर आधी देते. कोरिया देशात जेजू नावाचं बेट आहे. तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या समुद्रात बुड्या मारून शिंपले, शेवाळ काढतात आणि त्यावर घर चालवतात. त्यांना तिथं हेन्यो म्हणतात. पाठीवर नळकांडं नाही, काही नाही. नुसता श्वास रोखून दहा-दहा मीटर खाली जातात. आज त्यातल्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत. २०१६ साली युनेस्कोनं त्यांच्या या परंपरेला जगाच्या वारशात मान दिला. त्या एकट्या-दुकट्या उतरत नाहीत, गटानंच उतरतात आणि कधी उतरायचं ते मिळून ठरवतात. म्हणजे समुद्र बाईला वर्ज्य नाही. पण गट असल्याशिवाय आणि विचार केल्याशिवाय त्याही उतरत नाहीत.

तर मैत्रिणींनो, त्या दिवशी आम्ही कर्ज द्यायचं की नाही हे बाजूला ठेवलं. मी म्हटलं, आधी हे काय आहे ते समजून घेऊ. मग पैशाचं बघू.

स्कुबा म्हणजे पाठीवर दाबून भरलेल्या हवेचं नळकांडं. पुष्कळांना वाटतं त्यात ऑक्सिजन असतो. तसं नाही, साधारणपणे आपण घेतो तीच हवा त्यात दाबून भरलेली असते. तोंडात नळी धरायची आणि तोंडानंच श्वास घ्यायचा. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा असतो. नवख्या माणसाला प्रशिक्षक हाताला धरून नेतो आणि जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत नेतो. आपण विहीर परसानं मोजतो, त्या हिशेबानं सहा-सात परस. अशा पहिल्या बुडीला पोहता यावंच लागतं असं नाही. पण पुढं शिकून प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर पोहता आलं पाहिजे. वय दहाच्या आत असेल त्या लेकराला समुद्रात स्कुबाला नेत नाहीत.

आता शरीराचं बघा. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब वरच्या दुप्पट होतो. फुगा घेऊन खाली गेलात तर तो निम्मा होतो. आणि दहा मीटरवर फुगा भरून वर आलात तर तो दुप्पट फुगतो. आपली फुप्फुसं म्हणजे तोच फुगा. म्हणून या खेळाचा पहिला नियम आहे की, पाण्यात श्वास कधीच रोखून धरायचा नाही. आणि वर येताना हळूहळू यायचं. कानातही हवा असते. खाली जाताना नाक दाबून हलकेच फुंकर मारून कान मोकळे करावे लागतात. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होते.

म्हणूनच पाण्यात उतरण्याआधी एक तब्येतीचा अर्ज भरून घेतात. लेकीनं तो अर्ज फोनवर पाठवला होता. सगळा इंग्रजीत. मी बैठकीत एकेक प्रश्न मराठीत सांगत गेले. हृदयाचा त्रास आहे का? फिट येते का? साखर आहे का? कानाचं ऑपरेशन झालंय का? गरोदर आहात का? बायका मजेनं उत्तरं देत होत्या. आणि मग प्रश्न आला, "दमा आहे का, किंवा कधी होता का?"

मावशी गप्प झाल्या.

त्यांच्या शेजारी बसलेली जाऊ म्हणाली, "अवो बाई, पंप घेता की तुम्ही. थंडीत तर रोज."

मावशी म्हणाल्या, "ते लेकीला माहीत नाही. तिला कळलं तर ती मला नेणार नाही."

मैत्रिणींनो, मी सतरा गटांच्या बैठका घेते, पण तेवढी शांतता मी कुठल्या बैठकीत पाहिली नाही. नर्स असलेल्या लेकीपासून आईनं दमा लपवला होता. लेकीला घोर नको म्हणून आधी लपवला, आणि आता सहल चुकू नये म्हणून. आपण सगळ्या हेच करतो ना? कंबर दुखते, सांगत नाही. अंगावरून जातं, सांगत नाही. पण वरच्या जगात लपवलेलं पाण्याखाली लपत नाही. दम्यात श्वासाच्या नळ्या आकसतात. खालून वर येताना छातीतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटू शकतं. अर्जावर "नाही" लिहून मावशी उतरल्या असत्या, तर काय झालं असतं याचा विचारही मी करत नाही.

त्याच बैठकीतून आम्ही लेकीला फोन लावला. आधी ती रागावली. मग रडली. मग म्हणाली, "आई, तुझ्याशिवाय मला समुद्र नको." तेव्हा त्या कर्जाला विरोध करणाऱ्या आजीच म्हणाल्या, "अगं लेकी, समुद्र सोडू नको. दुसरा समुद्र बघ. दोघींना पुरंल असा."

आजीचं हे वाक्य मला आजच्या सगळ्या बोलण्याचं सार वाटतं. ठिकाण निवडताना पहिला प्रश्न "कुठं जायचं" हा नसतो. "कोण कोण जाणार आणि कुणाची तब्येत कशी" हा असतो. सोबतच्या चौघांत एकच जण बुडी मारणार असेल, तर बाकीच्या तिघांना तिथं काय आहे ते बघायला हवं.

दुसरा प्रश्न महिन्याचा. हा आपल्याला शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळतो, कारण ज्या वाऱ्यावर आपली पेरणी होते तोच वारा समुद्र खवळवतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येकडून मोसमी वारा येतो. तो पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर आदळतो. म्हणून आपल्या कोकणात पावसाळ्यात मालवण, तारकर्लीचं स्कुबा बंद असतं. ऑक्टोबरपासून मेपर्यंत तिथला हंगाम. अंदमानला, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक आणि आताचं स्वराज द्वीप, तिथं नोव्हेंबर ते एप्रिल चांगले महिने. लक्षद्वीपलाही पावसाळा सोडूनच जायचं, आणि आपलाच देश असला तरी तिथं प्रवेशाचा परवाना लागतो.

आता थायलंड घ्या. त्या देशाला दोन बाजूंनी समुद्र आहे. फुकेत, सिमिलान ही पश्चिमेकडची बाजू. तिथं नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरकारच बंद ठेवतं. मावशींच्या पॅकेजात जुलै महिना आणि ठिकाण फुकेत. मग ते स्वस्त का होतं, हे आमच्या लक्षात आलं. आपल्याकडं भर पावसात लग्नाचा मांडव स्वस्त मिळतो, तसं.

ही नुसती गैरसोयीची गोष्ट नाही. ५ जुलै २०१८ ला याच फुकेतजवळ वादळात फिनिक्स नावाची पर्यटकांची बोट बुडाली आणि ४७ माणसं गेली. हवामानाचा इशारा दिलेला असतानाही बोट गेली होती. त्याच थायलंडात पूर्वेकडच्या आखातात को ताओ नावाचं बेट आहे. नवख्यांना स्कुबा शिकवण्यासाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. जुलैमध्ये तिथला समुद्र बराच शांत असतो, आणि वर्षाच्या शेवटी तिथं पाऊस असतो. म्हणजे देश तोच, पण बाजू बदलली की महिना बदलतो. सहलीवाल्याला नुसतं "थायलंड का?" विचारून भागत नाही. "कुठली बाजू, कुठला महिना?" असं विचारा.

तिसरा प्रश्न पाण्याच्या ओढीचा. पाणी निळं दिसतं म्हणून ते शांत असेलच असं नाही. इंडोनेशियात बाली बेटावर तुलांबेन नावाचं गाव आहे. तिथं दुसऱ्या महायुद्धातल्या एका जहाजाचा सांगाडा किनाऱ्यापासून अगदी जवळ पाण्यात आहे, आणि नवखी माणसंही त्याचा वरचा भाग बघतात. पण बालीशेजारच्याच नुसा पेनिदा बेटाभोवती पाण्याला जबर ओढ आहे. फोटो दोन्हीकडचे सुंदर. मालदीवला वर्षभर लोक जातात, डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते. तिथं उथळ खाजणातलं पाणी शांत असतं, पण दोन बेटांच्या मधल्या वाटांमध्ये प्रवाह जोराचा असतो. मोठी हॉटेलं महाग आहेत, तरी स्थानिक लोकांच्या बेटांवर साधी अतिथिगृहंही आहेत. म्हणून विचारायचं, "पहिल्यांदा उतरणाऱ्याला नेमकं कुठं नेणार? किती खोल? पाण्याला ओढ असते का?"

चौथा प्रश्न माणसांचा आणि बोटीचा. प्रशिक्षक पाडी, एसएसआय अशा जगात चालणाऱ्या एखाद्या संस्थेचा प्रमाणपत्रधारक आहे का? त्याचं कार्ड दाखवायला सांगा. यात लाज कसली? आपण बँकेत सही तपासून घेतो ना. एका प्रशिक्षकामागे किती जण? पहिल्या बुडीला एकामागे एक किंवा दोनच असावेत. बोटीत जेवढी माणसं तेवढी लाइफ जॅकेट आहेत का? तातडीचा ऑक्सिजन आहे का? जवळचा दवाखाना किती लांब? परदेशात गेलं म्हणजे सगळं चोख आणि आपल्याकडं सगळं ढिसाळ, असंही समजू नका. फुकेतचं सांगितलं तसंच आपल्या तारकर्लीचं सांगते. २४ मे 2022 ला स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट तिथं किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्यामुळे ठिकाण जवळचं असो की लांबचं, प्रश्न तेच विचारायचे.

पाचवा प्रश्न परतीचा. स्कुबा केल्यावर लगेच विमानात बसायचं नाही. खाली दाबामुळं हवेतला नायट्रोजन वायू रक्तात मुरतो. सोड्याची बाटली फटकन उघडली की कसे बुडबुडे येतात? तसं अंगात होऊ नये म्हणून शेवटच्या बुडीनंतर कमीत कमी अठरा तास, आणि मी म्हणेन पुरता एक दिवस, विमान नको. त्या दिवशी उंच डोंगर-घाटही नको. सहलीच्या कागदावर "सकाळी स्कुबा, संध्याकाळी विमान" असं लिहिलं असेल, तर तो कागद बनवणाऱ्याला समुद्र कळत नाही, असं समजा. आणि प्रवासाच्या विम्यात स्कुबा धरलंय का, किती खोलीपर्यंत, तेही वाचून घ्या. पुष्कळ साध्या विम्यांत ते धरलेलं नसतं.

हे पाच प्रश्न लिहून आम्ही त्याच दुपारी सहलीवाल्यांना फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, एवढं कुणी विचारत नाही." आजी शेजारून म्हणाल्या, "म्हणूनच आम्ही इचारतो." उत्तरं आली नाहीत. वीस हजार भरले नाहीत. गटानं ठराव लिहिला की, या सहलीला कर्ज नाही, पण मावशींच्या जाण्याला विरोधही नाही. मावशींनी त्या आठवड्यापासून दुधाच्या पैशातून तीनशे रुपये वेगळे ठेवायला सुरुवात केली. वर्षभरात पंधरा हजार सहाशे झाले. कर्ज लागलंच नाही.

त्या वर्षात आणखी दोन कामं झाली. पहिलं पासपोर्टचं. मावशींचं नाव आधारवर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडं वेगळी. ते नीट करायलाच चार महिने गेले. म्हणून मैत्रिणींनो, जायचं ठरो न ठरो, आपली कागदपत्रं एका नावाची करून ठेवा. आणि पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या तारखेपासून पुढं सहा महिने तरी त्याची मुदत शिल्लक लागते, हे बघा.

दुसरं काम तारकर्लीचं. तिथं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्था आहे, सरावासाठी खोल तलाव आहे. परदेशात पहिल्यांदा घाबरण्यापेक्षा आपल्या भाषेत समजावून सांगणाऱ्या माणसासमोर घाबरलेलं बरं. लेक जानेवारीत आईला घेऊन तिकडं गेली. लेक पाण्यात उतरली, मावशी काठावर बसल्या. परतताना त्या वेंगुर्ल्याला थांबल्या. तिथं स्वामिनी नावाच्या बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, होडी स्वतः वल्हवतात. मावशींनी फोन करून मला सांगितलं, "ताई, आपल्यासारखाच गट हाय. पर पाण्यावर चालतो."

मग परदेश कुठला ठरला? लेकीला रजा मिळणार होती जुलैतच. जुलैमध्ये शांत असणारा समुद्र हवा, आईला उतरता न येताही मासे दिसावेत, आणि खर्च आटोक्यात हवा. दोघींनी श्रीलंकेचा पूर्व किनारा निवडला, त्रिंकोमाली. श्रीलंकेचंही थायलंडसारखंच आहे. नैर्ऋत्येकडच्या किनाऱ्याला, हिक्कडुवाकडं, नोव्हेंबर ते एप्रिल जायचं. आणि मेपासून सप्टेंबरपर्यंत पूर्वेला. त्रिंकोमालीच्या जवळ निलावेलीचा किनारा आहे. तिथून साधारण एक किलोमीटरवर पिजन आयलंड नावाचं बेट आहे, ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथलं प्रवाळ उथळ पाण्यात आहे, त्यामुळे नळकांडं न लावताही दिसतं. शिवाय त्रिंकोमालीला समुद्राच्या कड्यावर कोणेश्वर महादेवाचं देऊळ आहे. मावशी म्हणाल्या, "मासे नाही दिसले तर महादेव तरी दिसंल." कोलंबोहून रस्त्यानं सहा-सात तास लागतात, तेवढं सोसावं लागतं.

जाण्याआधी मावशींनी दम्याच्या डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, स्कुबा अजिबात नाही. दमा आटोक्यात असेल, तर लाइफ जॅकेट घालून कंबरभर पाण्यात, कुणीतरी हात धरलेला असताना, तोंड पाण्यात घालून बघायला हरकत नाही. पंप जवळ ठेवायचा.

बायकांनी मला कपड्यांचंही विचारलं होतं, म्हणून सांगते. स्कुबाचा पोशाख अंगभर असतो. उथळ पाण्यात नुसतं बघायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग चालते. साडी, ओढणी पाण्यात पायात अडकते. लांब मंगळसूत्र, सैल पैंजण, लोंबते कानातले अडकू शकतात, हरवू शकतात. मावशींनी मंगळसूत्र काढून लेकीच्या पिशवीत ठेवलं आणि रात्री परत घातलं. घरी कुणी काही म्हणालं नाही. मासिक पाळीत उतरायचं की नाही, ते जिचं तिनं आपल्या अंगाला विचारून ठरवावं. पण दिवस गेले असतील, किंवा नुसती शंका असेल, तरी स्कुबा नाही म्हणजे नाही.

आता शेवटचं सांगते. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी चालतं. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला की "सगळं ठीक आहे". आणि अंगठा वर केला, की आपण समजतो "छान". पाण्याखाली तसा अर्थ नाही. तिथं अंगठा वर म्हणजे "मला वर जायचंय". आणि नियम असा आहे की, कुणीही, कधीही, कुठल्याही कारणानं ती खूण करू शकतं. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. सोबतच्यानं वर यायचं.

लेक दुसऱ्या दिवशी बुडीला गेली. पाचेक मीटरवर तिचा कान दुखायला लागला. नाक दाबून फुंकर मारली, मोकळा होईना. पैसे भरलेले, वर्षभर वाट पाहिलेली, खाली प्रवाळ दिसत होतं. तरी तिनं अंगठा वर केला. प्रशिक्षकानं तिला हळूहळू वर आणलं. त्या दिवशी ती परत उतरली नाही. मी विचारलं, "पैसे वाया गेले का गं?" ती म्हणाली, "गेले. पण कान राहिला."

मग उरलेला वेळ ती आईजवळ गेली. पिजन आयलंडच्या काठाला, कंबरभर पाण्यात दोघी उभ्या राहिल्या. पहिल्यांदा मावशींनी तोंड पाण्यात घातलं आणि घाबरून वर काढलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी लेकीनं हात घट्ट धरला आणि त्या बघत राहिल्या. बैठकीत येऊन सांगत होत्या, "खाली फुलकोबीचं शेत हाय बायांनो. आणि त्यात पोपटी, पिवळे मासे आपल्याला न भिता हिंडायलेत." काही ठिकाणचं प्रवाळ पांढरं पडलेलं दिसलं, असंही त्या म्हणाल्या. पाणी तापलं की प्रवाळाचा रंग जातो आणि ते मरतही. म्हणून त्याला हात लावायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, तुकडा घरी आणायचा नाही. मावशींनी आमच्यासाठी दालचिनी आणली, प्रत्येकीला एकेक कांडी.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा विषय निघाला तर हसून सोडू नका. लेकराला विचारा, कोण कोण जाणार, कुठला महिना, पाणी कसं, सोबत कोण, परत कधी. आणि त्याआधी तुमची तब्येत लेकराला खरी सांगा. सहल हुकेल म्हणून, घोर लागेल म्हणून लपवू नका. आणि जिथं अंगठा वर करावासा वाटेल तिथं करा, पाण्यात आणि घरातसुद्धा.

पुढच्या वेळी आपण पासपोर्टसाठी आणि बँकेसाठी नावातल्या चुका कशा दुरुस्त करायच्या, त्याबद्दल बोलू. आपापली कागदपत्रं काढून ठेवा. आज इथंच थांबते. नमस्कार.